मोठी जाळी यायच्या आधी

अल्का मेश्रामनं लग्न का केलं नाही, हे बोरटोल्यात कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

नव्व्याण्णव सालच्या रोवणीत तिची माय कलाबाई धानाच्या बांधीतच कलंडली. चिखलात तोंडावर पडली म्हणून बायांनी तिला उचललं, तर उजवं अंग लोंबत होतं आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. "लकवा हाय," एकीनं सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. दवाखान्याचं नाव त्या दिवशी कुणी काढलंच नाही. अल्काचा बाप सेवकराम जंगल खात्याच्या कामावर मजूर होता. छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव तळ्यात सोडून आलेल्या बापाचा तो लेक. अंगारे-धुपारे त्याच्या दाराशी फिरकत नव्हते. पण घाबरलेल्या माणसाला कुणी काहीतरी करायला सांगितलं की तो करतो. एकानं सांगितलं म्हणून त्यानं कबुतर मारून त्याचं गरम रक्त बायकोच्या अंगाला चोळलं. मग कुण्या गावचं तेल आणलं, मग कुण्या गावचा पाला. शेवटी गोंदियाला नेलं तेव्हा डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "अब क्या करना है? मालिश करो."

अल्काचं लग्न आमगावकडच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. रोवणी झाल्यावर बोलू, असं ती म्हणाली. मग दिवाळी झाल्यावर. मग मुलाकडच्यांनी विचारणं सोडलं, आणि तिनंही कुणाला दोष दिला नाही. मायचं अंग पालटायचं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, पेज चमच्यानं गालाच्या बऱ्या बाजूला सोडायची, हेच तिचं तरणपण झालं. कलाबाईला सगळं समजत होतं. बोलता मात्र येत नव्हतं. "आन, आन" एवढाच एक शब्द तिच्याजवळ राहिला होता. पाणी हवं असलं तरी आन, आणि रडू आलं तरी आन. कोणत्या आनचा काय अर्थ ते अल्का हळूहळू शिकली. मधे बाप वारला. कलाबाई मात्र खाटेवर बारा वर्षं काढून गेली.

या सगळ्यात अल्काच्या हाताखाली वाढला तो धाकटा भाऊ रत्नपाल. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागून तिनं त्याला शिकवलं. तो रेल्वेत ट्रॅकमन झाला. सालेकसा ते दरेकसा या जंगलातल्या पट्ट्यात हातोडा घेऊन रूळ तपासत फिरायचा. गडी मोठा बोलका. चौदा एप्रिलला माईक त्याच्या हातातून सोडवावा लागे. रुळावर अस्वल भेटलं ती गोष्ट तो दर वेळी नव्यानं सांगायचा, आणि दर वेळी अस्वल थोडं मोठं व्हायचं. त्याची बायको रीना देवरीकडची. ती घरात आली तेव्हा अल्काला वाटलं होतं, आता आपल्याला दुसरं घर पाहावं लागेल. तसं झालं नाही. रीना नणंदेला 'बाई' म्हणायची, आणि दोघी एका चुलीवर राहिल्या. कधी धुसफूस व्हायची, पण भांडण असं झालं नाही.

दोन हजार सतरा सालच्या डिसेंबरात रीना भावाच्या लग्नासाठी लेकीला घेऊन माहेरी गेली होती. रत्नपालची सुट्टी होती. सकाळी अंगणात बसून तो चहा पीत होता आणि अल्का त्याच्या मागे झाडत होती. कप फुटल्याचा आवाज आला. ती वळली तर तो फुटलेल्या कपाकडे पाहत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा कप होता. उजवा हात मांडीवरून खाली घसरला.

"काय झालं बाबू?"

त्यानं तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही.

तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. अल्कानं ते तोंड बारा वर्षं पाहिलं होतं. तिनं हातातला झाडू टाकला. ती रस्त्यावर धावली आणि शेजारच्या चैतरामभाऊचं दार ठोकलं. चैतराम शेतकरी माणूस. त्याची पिकअप धानाची पोती भरून मिलकडे निघायच्या बेतात उभी होती.

"भाऊ, पोते उतरवा. रत्नपालले लकवा मारून राहिला."

"आत्ता?"

"आत्ताच. काऊन उभे आहात?"

तोवर अंगणात माणसं जमली होती. सुशिलाबाई म्हणाली, कांदा फोडून हुंगवा. दुसरी कुणी म्हणाली, आधी झोपू द्या, घाबरला असंल. एका म्हाताऱ्यानं तर कबुतराचंच नाव काढलं. अल्का त्याच्याकडे वळली. "काका, माझ्या मायच्या वेळी तुमीच सांगितलं होतं. हात नोका लावू त्याले." म्हातारा मागे सरला. चैतराम आणि त्याच्या गड्यांनी पोती रस्त्याच्या कडेला ढकलून दिली. त्यातली दोन फुटून धान सांडलं, तरी ते भरायला कुणी वाकलं नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला, शिरेतून औषध दिलं. तिथला डॉक्टर भला होता. त्यानं अल्काला बाजूला घेतलं. "देखो बाई, दिमाग में खून का थक्का बड़ा है. इंजेक्शन दे दिया, पर इतना बड़ा थक्का सिर्फ इंजेक्शन से गलेगा नहीं. नागपुर में तार डालके खींचते हैं. अभी के अभी निकलो." त्यानं स्वतः नागपूरला फोन लावला, खर्चाचं रेल्वेच्या लोकांशीही बोलला. अँब्युलन्समध्ये अल्का भावाच्या उशाशी बसली. वाटभर ती रीनाला फोन लावत होती. फोन लागत नव्हता. वरात देवरीच्या पलीकडे जंगलाच्या रस्त्याला होती, तिथं टॉवरच नव्हता. रत्नपालचे डोळे उघडे होते. डाव्या हातानं त्यानं बहिणीची ओढणी घट्ट धरून ठेवली होती.

नागपूरचा तो खाजगी दवाखाना मोठा होता. खाट आत गेली, पुन्हा फोटो निघाले, आणि हिरव्या कपड्यातला एक डॉक्टर बाहेर आला. वय फार नव्हतं. त्यानं अल्काकडे पाहून विचारलं, "सोबत कोण आहे? पत्नी?"

"बहीण आहो. वहिनीचा फोन लागून नाई राहिला."

तिची बोली ऐकून तो थबकला. "कोणत्या गावच्या?"

"सालेकशाकडच्या."

"मी तिरोड्याचा. बिसेन." मग तो बाकावर तिच्या शेजारी बसला. उभ्यानं सांगायची गोष्ट नव्हती ती. "बाई, नीट ऐका. डाव्या मेंदूला रक्त नेणारी मुख्य नस बंद आहे. गुठळी लांब आहे आणि नस तुमच्या भावाची चांगली रुंद आहे. मी मांडीतून बारीक नळी घालून वर मेंदूपर्यंत नेतो. तिच्यातून तारेची एक जाळी गुठळीत नेऊन उघडतो. जाळी गुठळीत रुतली की सगळं मिळून बाहेर ओढायचं. समजून राहिलं का?"

अल्कानं मान हलवली.

"आता अडचण सांगतो. या जाळ्या मापाच्या येतात. लहान असतात, मोठ्या असतात. तुमच्या भावाला लांब, रुंद जाळी पाहिजे. ती पूर्ण गुठळी धरते, पहिल्याच ओढीत काढायचा संभव जास्त. आमच्याकडे एक होती. आज सकाळीच एका बाईला लागली. दुसरी शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यातून मागवली आहे, माणूस आणायला गेला आहे. आत्ता हाताशी आहे ती लहान."

"लहानीनं निघत नाई का?"

"निघते. पुष्कळदा निघते. पण एवढ्या मोठ्या गुठळीत ती घसरू शकते, किंवा अर्धाच तुकडा आणते. एखादा तुकडा तुटून पुढच्या बारीक नसेत जाऊन बसू शकतो. आणि दर खेपेला नस आतून घासते. खेपा वाढल्या की काम बिघडते."

"मंग मोठी येवू द्या ना."

"तोवर मेंदू मरत राहतो, बाई. गाडी वाटेत कुठं अडकली तर ते माझ्या हातात नाही."

अल्काला समोरच्या भिंतीवरचं काहीच दिसत नव्हतं. तिनं पुन्हा फोन काढला, रीनाचा नंबर लावला. तेच, संपर्काच्या बाहेर. तिनं फोन मांडीवर ठेवला.

"डॉक्टरसाहेब, तुमचा भाऊ असता तर?"

बिसेननं नाकावरून हात फिरवला. "सुरू केलं असतं," तो म्हणाला. "मोठी आली की मोठी घेतली असती. पण हे बरोबरच ठरेल असं मी म्हणत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मायची खाट तिच्या डोळ्यांपुढे आली. तेलाची वाट पाहिली, पाल्याची पाहिली. वाट पाहण्यातच सगळं गेलं होतं.

"करा," ती म्हणाली. "थांबू नोका."

त्यानंतर किती वेळ गेला ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. दार उघडायचं, कुणी नर्स जायची, दार बंद व्हायचं. एकदा एक माणूस हेल्मेट न काढताच पळत आत गेला, त्याच्या हातात लांबट खोकं होतं. ते पाहून तिला कळलं की मोठी जाळी आत्ता आली, आणि हेही कळलं की लहानीनं काम झालेलं नाही. तिनं दोन्ही हात छातीशी धरले.

बिसेन बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. त्यानं काही लपवलं नाही. लहान जाळी पहिल्यांदा टाकली तेव्हा गुठळीचा तुकडा आला, दुसऱ्यांदा काहीच आलं नाही, आणि मधेच एक कण तुटून वर गेला. मग मोठी मिळाली. तिच्या पहिल्याच ओढीत बाकीची गुठळी सगळी निघाली. मुख्य नस मोकळी झाली. "पण वर गेलेला तुकडा जिथं बसला आहे तिथं माझी जाळी पोचत नाही," तो म्हणाला. "जीव वाचला असं मला वाटते. पाय येईल. बोलण्याचं पाहावं लागेल."

एकदाचा फोन लागल्यावर रीना संध्याकाळी पोचली, लग्नातल्याच साडीत, भावाच्या मोटारसायकलवरून. अल्कानं तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. रीना ऐकत राहिली, मग आत जाऊन नवऱ्याचा हात धरून बसली.

पुढचे दिवस चांगले आणि वाईट एकाच वेळी गेले. रत्नपालचा पाय हलू लागला. हात खांद्यापासून उचलायचा, बोटं मात्र मिटायची नाहीत. आणि बोलणं काही परतलं नाही. तो तोंड उघडायचा, गळ्याच्या शिरा ताणायचा आणि "हो हो हो" एवढंच निघायचं. नाही म्हणायचं असलं तरी हो. अल्काला ते ऐकवत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

आणि त्याच वॉर्डात पलीकडच्या खाटेवर ती बाई होती.

शामकला तिचं नाव. गोंदियाच्या बाजारात तिचा नवरा छोटेलाल भांड्यांचं दुकान चालवायचा. त्याच दिवशी पहाटे तिला झटका आला होता, ती आधी पोचली होती. मोठी जाळी तिला लागली होती. एकाच ओढीत गुठळी निघाली. आता ती खाटेवर बसून चहात साखर कमी आहे म्हणून नवऱ्याला रागावत होती. छोटेलाल आनंदानं वेडा झाला होता. साऱ्या वॉर्डात पेढे वाटत तो अल्कापाशी आला. "लो बहनजी, मुँह मीठा करो. आपके भैया भी ठीक हो जायेंगे." अल्कानं पेढा घेतला. त्याला काय ठाऊक? तिला त्याचा राग येत नव्हता, आणि राग येत नाही याचाच त्रास होत होता. पेढा तिनं हातातच धरून ठेवला, तो हातात विरघळून गेला.

रीनानं हे सारं पाहिलं. नर्सच्या बोलण्यातून तिनं बाकीचंही जुळवलं. जिन्याशी तिनं अल्काला गाठलं.

"ते बाई बोलून राहिली, बाई. साखर मागून राहिली."

"हो."

"तिले मोठी टाकली म्हणून. आन तुमी त्याईच्यासाठी थांबल्या नाई. घंटाभर थांबल्या नाई तुमी."

"रीना, डॉक्टरनं..."

"डॉक्टरनं तुमाले विचारलं का नाई? विचारलं. तुमी हो म्हटलं. माझा नवरा होता तो. मले विचारल्याबिगर तुमी कोन होत्या हो म्हननाऱ्या?"

अल्काला उत्तर देता आलं असतं. फोन दाखवता आला असता, किती वेळा लावला ते. तिनं काहीच केलं नाही. कारण रीना जे विचारत होती तेच ती स्वतःला पहिल्या दिवसापासून विचारत होती.

घरी परतल्यावर तोच प्रश्न चुलीशी बसायचा. दोघी बोलायच्या ते मिठाचं, सरपणाचं. रेल्वेनं रत्नपालला रुळावरचं काम बंद करून गोंदियाला ऑफिसात बसून करायचं हलकं काम दिलं, आणि रीनानं तिथं क्वार्टर घेतलं. सामान चैतरामच्याच पिकअपमध्ये भरलं. निघताना रत्नपालनं बहिणीकडे पाहून "हो हो" केलं. ते हो होतं की नाही, हे तिलाही उमगलं नाही. मायचा प्रत्येक आन तिला कळत होता. भावाचा एक हो कळत नव्हता.

घर रिकामं झालं. अल्का अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढायची, घरी येऊन एकटीच भात खायची. गावातले लोक तिला शाबासकी द्यायचे. अल्कानं धावपळ केली म्हणून भाऊ चालता-फिरता राहिला, नाहीतर मायसारखा खाटेवर असता. हे ऐकलं की तिला बरं वाटायचं, आणि लगेच जिन्यावरची रीना आठवायची. कधी स्वप्नात हेल्मेटवाला माणूस यायचा, आणि दर वेळी तो दारापर्यंत लवकर पोचायचा.

पुढच्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर, ती एकटीच नागपूरला गेली. कुणाला सांगितलं नाही. बिसेनची ओपीडी संपेपर्यंत बाहेर बसून राहिली. त्यानं तिला ओळखलं.

"भाऊ कसे आहेत?"

"चालते. बोलत नाई." मग तिनं विचारूनच टाकलं. "साहेब, आपन थांबलो असतो तर तो बोलला असता का? खरं सांगा. मले बरं वाटावं म्हनून नोका सांगू."

बिसेननं पेन खाली ठेवलं. "शंभर माणसांचं मी सांगू शकतो. अशा गुठळीत मोठ्या मापाच्या जाळीनं पहिल्याच ओढीत जास्त जणांची नस मोकळी होते, आणि पहिल्या ओढीत मोकळी झाली तर माणूस जास्त बरा होतो. आणि हेही शंभर माणसांचंच की जेवढा उशीर तेवढा मेंदू जास्त जातो. तुमच्या भावाच्या वेळी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या. एका माणसाचं कुणाला सांगता येत नाही, बाई. थांबलो असतो तर कदाचित बोलला असता. कदाचित पायही गेला असता. मला माहीत नाही."

"तुमाले वाटते का कधी?"

"वाटते," तो म्हणाला. "आता मोठ्या मापाच्या दोन तरी कपाटात असल्याच पाहिजेत, असं मी ठरवून टाकलं आहे. एक लागली की दुसरी मागवायची."

अल्का उठली. चांगलंच झालं, असं तिला म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "माझ्या भावाच्या नंतर." बिसेननं मान खाली घातली. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून रडली. समोरच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा डोळ्यात कचरा गेला असं सांगितलं.

त्या साली पावसाळा सरता सरता एका दुपारी रत्नपाल तिच्या दारात उभा राहिला. एकटा. गोंदियाहून पॅसेंजरनं सालेकशाला उतरला होता. ऑटोवाल्याला गावाचं नाव सांगता येईना, म्हणून पाय ओढत चालत आला होता. चपलेचा अंगठा तुटला होता, गुडघ्यापर्यंत चिखल.  त्यानं तिला बाजूला सारलं, स्वतःच माठातून पाणी घेतलं आणि मायची खाट जिथं असायची तिथं भिंतीला टेकून बसला.

तिनं रीनाला फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटीला उचलला गेला. पलीकडून रडण्याचाच आवाज आला. ती सकाळपासून स्टेशनावर शोधत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी रीना लेकीला घेऊन आली. येताच नवऱ्याला दोन शब्द सुनावले, मग त्याच्या पायाची जखम धुतली. अल्कानं भात टाकला, बरबटीच्या शेंगांची भाजी केली.  ताटं उचलताना रीना म्हणाली, "बाई, मले आतापन वाटते. थांबायचं होतं."

अल्का चुलीतला विस्तव सारत होती. "मलेही वाटते," ती म्हणाली. "रोज नाई. पन वाटते. मी नागपूरले जाऊन इचारलं डॉक्टरले."

"कवा?"

"उनाळ्यात."

"काय म्हनला?"

"म्हनला, मले मालूम नाई."

रीना तशीच उभी राहिली. तिला बहुधा दुसरं काही ऐकायचं होतं, आपलं खरं आहे किंवा आपलं चूक आहे. त्यातलं काहीच हाती लागलं नाही. मग ती खाली बसली आणि राख काढायला लागली. "मले काऊन नाई नेलं?" तिनं विचारलं. आवाजात राग होता, पण तो जिन्यावरचा नव्हता.

"तू आली असती?"

"आली असती."

भिंतीशी बसलेला रत्नपाल दोघींकडे पाहत होता. त्यानं डावा हात वर केला आणि मोठ्यानं "हो हो हो" केलं. गप्प बसा म्हणत होता की बोलत राहा, ते दोघींपैकी कुणालाच कळलं नाही. दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. रीनानं विचारलं, "पानी?" अल्कानं विचारलं, "झोपतं का?" त्यानं वैतागून मान हलवली आणि दाराकडे बोट केलं. बाहेर ऊन पडलं होतं, त्याला अंगणात बसायचं होतं. दोघींनी त्याला दोन बाजूंनी धरून उठवलं.

रीना सोमवारपर्यंत राहिली. मग त्याची ड्युटी होती म्हणून घेऊन गेली. जाताना म्हणाली, पुढच्या तपासणीला नागपूरला जायचं आहे, तुम्हीही चला. अल्का हो म्हणाली.